पुस्तकाची पाटी वाचा

देवगाव फाट्यावर आमच्या अब्बांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. एसटीची वाट पाहणारे प्रवासी बाकावर बसत आणि गाडी आली की घाईत कधीमधी पुस्तक विसरून जात. माझं वाचन त्या विसरलेल्या पुस्तकांवर सुरू झालं. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार मला तिथंच भेटला. शेवटची पानं फाटलेली होती. त्या गोष्टीतला खुनी कोण, हे मला आजही ठाऊक नाही!

हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या अर्नाळकरांनी कितीतरी मराठी मुलांना वाचनाची गोडी लावली. रहस्यकथेला आपण एकच प्रश्न विचारतो : पुढं काय झालं? त्याचं चोख उत्तर मिळालं की हिशेब मिटला. तिच्यावर नाक मुरडायचं कारण नाही.

ऐतिहासिक कादंबरीचं वेगळं आहे. रणजित देसाईंची 'स्वामी' १९६२ साली आली आणि माधवराव-रमाबाई घरोघरी पोचले. इथं प्रश्न असतो : त्या माणसांना तेव्हा काय वाटलं असेल? कागदपत्रांतून मोहिमा कळतात, तारखा कळतात. माजघरातलं बोलणं लेखकाला कल्पनेनंच लिहावं लागतं. वाचक या 'असेल'चं 'होतं' करतो, तिथं घोटाळा होतो.

हा घोटाळा मी सोसला आहे. शाळेत एक मित्र अशी पुस्तकं वाचून मला विचारायचा, ''तुमच्या खानानं असं का केलं रे?'' मी काय सांगणार? आमचे अब्बा तर पंक्चर काढत होते.

पुढं १९८८ मध्ये विश्वास पाटलांची 'पानिपत' आली. मराठ्यांच्या बाजूनं शेवटपर्यंत लढलेला इब्राहिमखान गारदी वाचताना माझे डोळे भरून आले. पुस्तक घेऊन त्या मित्राकडे निघालो आणि वाटेतच थबकलो. मीही तेच करत होतो. कादंबरी मला सोयीची, म्हणून तिला पुरावा मानत होतो! मग इतिहासाची पुस्तकं उघडली. इब्राहिमखान खरा, त्याच्या तोफा खऱ्या, १७६१ च्या त्या पराभवानंतर कैदेत झालेला त्याचा अंतही खरा. मात्र मला रडवणारे संवाद कादंबरीकाराचे होते. दोन्ही मला हवे आहेत, पण वेगवेगळ्या खात्यांवर.

नांदेडच्या नरहर कुरुंदकरांनी हेच शिकवलं. 'श्रीमान योगी'ला जोडलेली त्यांची दीर्घ प्रस्तावना आधी वाचावी, मग कादंबरी. इतिहास आणि कल्पना एकाच पुठ्ठ्यात शेजारी नांदताना दिसतात.

तिसरा प्रकार सत्यकथनाचा. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत अडकले, झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला. त्यांचं 'माझा प्रवास' रहस्यकथेइतकंच खिळवून ठेवतं. पण इथं प्रश्न कडक हवा : हे खरंच घडलं का, आणि सांगणाऱ्याला कसं कळलं? डोळ्यांनी पाहिलेलं कोणतं, कानांवर आलेलं कोणतं? शिवाय गोडसे भटजींनी हे लिहिलं ते कित्येक वर्षांनी, आठवणीतून. १९०७ साली छापताना संपादकांनीही त्यावर हात फिरवला होता. गोष्ट जितकी रंगतदार, तितकं हे जास्त विचारावं.

आमच्या फाट्यावर तिन्ही दिशांच्या गाड्या सारख्याच लाल असत. जाणता प्रवासी पाटी वाचून चढे. जिंतूरच्या गाडीत बसायचं आणि सेलू का आलं नाही म्हणून कंडक्टरशी भांडायचं, याला काय अर्थ आहे?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)