कोपऱ्यातला हत्ती

मालेगाव म्हटलं की लोक नाशिककडचं समजतात. हे आमचं वाशीम जिल्ह्यातलं. इथे तालुक्याच्या शालेय बुद्धिबळ स्पर्धेत चौदा वर्षांखालच्या मुलांचे डाव बघत बसलं, की बऱ्याच पटांवर दुसऱ्याच चालीला वजीर घराबाहेर पडलेला दिसतो. शिरपूर, मेडशी, किन्हीराजा, कुठूनही पोरं आलेली असोत, चार चालींतली मात सगळ्यांना पाठ असते. मोबाइलवर बघितलेली असते आणि वर्गातल्या दोघा-चौघांवर ती चाललेलीही असते.

असाच एक डाव मी अगदी जवळून पाहिला. पांढऱ्याने राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं, काळ्यानेही तेच केलं. लगेच पांढरा वजीर तिरपा निघून थेट उजव्या कडेला, एच-५ वर. समोरच्या मुलीने घोडा काढून आपलं प्यादं राखलं. पांढऱ्याचा उंट सी-४ वर आला. आता पुढच्या चालीला मात! मुलीने शांतपणे जी-प्यादं एक घर पुढे केलं आणि वजिराला हुसकावलं. वजीर एफ-३ वर, धमकी तीच. तिने दुसरा घोडा मध्ये घातला. पांढऱ्याने सी-३ वर घोडा काढला, तर तिचा पहिला घोडा उडी मारून पटाच्या मध्यावर, डी-४ वर. वजिरावर हल्ला, शिवाय सी-२ च्या प्याद्यावरही डोळा. बिचारा वजीर मुकाट घरी परतला.

पांढऱ्याच्या सहा चाली झाल्या होत्या. त्यांतल्या तीन वजिराच्या जाण्यायेण्यात गेल्या आणि वजीर पुन्हा होता तिथेच. काळ्याच्या पाचच चाली झाल्या होत्या, पण पाचही पटावर दिसत होत्या आणि पुढची चालही तिचीच होती.

"अबे, वजीर कायले काहाडतं एवढ्या लवकर?" डाव संपल्यावर सर त्या पोराला म्हणाले. "हत्ती पाय तुहा. सकाळी होता थेच बसला."

सुरुवातीचे सगळे नियम त्या एका वाक्यात येतात. मधली घरं प्याद्यांनी धरा, घोडे-उंट बाहेर काढा, किल्लेकोट करून राजा कडेला लपवा आणि हत्तींना उघड्या पट्टीत आणा, कारण घरी बसलेला मोहरा असून नसल्यासारखा. १८५८ साली पॅरिसच्या ऑपेरात पॉल मॉर्फीने दोन सरदारांविरुद्ध खेळलेला डाव याच कारणासाठी शिकवतात. सतराव्या चालीला मात झाली, तेव्हा मॉर्फीकडे राजा आणि प्यादी सोडली तर एक हत्ती आणि एक उंट एवढंच उरलं होतं. वजीरसुद्धा त्याने देऊन टाकला होता. समोरच्यांचा राजाकडचा हत्ती आणि उंट मात्र पूर्ण डावात जागचे हलले नव्हते.

देशी पद्धतीने खेळलेली म्हातारी माणसं वजीर काढायच्या या घाईला हसतात. त्यांच्या खेळात प्यादं एकच घर चालायचं, आणि किल्लेकोट नव्हता. राजाला एकदा घोड्यासारखी उडी मिळायची. डाव सावकाश रंगायचा. आताच्या नियमांत वेग वाढला, पण आधी माणसं जमवा, मग चढाई करा हे धोरण दोन्हीकडे सारखंच. दुसरी गोष्टही तीच: समोरच्याने ही चाल का केली, हे विचारल्याशिवाय आपला हात पटाकडे जाऊ द्यायचा नाही. स्पर्धेत मोहऱ्याला हात लावला की तोच चालवावा लागतो, आणि निम्मी रडारड तिथूनच सुरू होते.

डावाच्या शेवटी मात्र उलटं होतं. लपवलेला राजा बाहेर काढायचा असतो आणि नेमका तोच पोरांचा बसून राहतो. एका पटावर पांढऱ्याकडे राजा आणि एक प्यादं, काळ्याकडे नुसता राजा. जिंकलेलाच डाव म्हणायचा. पण पोराने प्यादं पुढे पळवलं आणि राजा मागून आणला. प्यादं ई-७ वर, त्याच्या मागे ई-६ वर राजा, समोर ई-८ वर काळा राजा आणि चाल काळ्याची. शह नाही, पण हलायला घरही नाही. डाव बरोबरीत. पांढरा राजा प्याद्याच्या पुढे चालत सहाव्या ओळीत पोचला असता, तर प्याद्याचा वजीर झालाच असता. फक्त प्यादं कडेच्या पट्टीतलं असलं तर हे लागू नाही.

नागपूरच्या दिव्या देशमुखचं नाव इथल्या पोरींना ठाऊक आहे. २८ जुलै २०२५ ला तिने जॉर्जियातल्या बाटुमीत कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयाने ती ग्रँडमास्टर झाली. अंतिम फेरीतले दोन्ही मोठे डाव बरोबरीत सुटले होते. निकाल लागला तो जलद डावांत, आणि दिव्याने तो काळ्या मोहऱ्यांनी लावला.

तेव्हा शिक्षकांना आणि आईबापांना एक विनंती. चार चालींतली मात शिकवायला कोणी लागत नाही, ती मुलं आपोआप शिकतात. तुम्ही पटावर आधी दोन राजे आणि एक प्यादं मांडा. जगज्जेता कापाब्लांकाही शेवटापासूनच शिकायला सांगायचा. आणि शाळेतले पट स्पर्धेच्या आदल्या दिवशी कपाटातून काढण्यापेक्षा वर्षभर बाहेर राहू द्या.