आजची लहान पेटी, उद्याची मोठी

सुरत महानगरपालिकेने पाल येथे २०१४ साली जगदीशचंद्र बोस मत्स्यालय उघडले. तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी तेथे जाऊन आलेली मुले घरी येताना बहुधा एक हट्ट बरोबर आणतात: आपल्याही घरी मासे हवेत. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाले. ते लहानपणी पाहिलेल्या आजोबांना ह्या हट्टाचे नवल वाटणार नाही. हट्ट निरुपद्रवी आहे, आणि मुलाला रोज कोणा जिवाची काळजी वाहावयास लावणारा छंद आम्हांला तरी मनापासून आवडतो. अडचण आहे ती पैशाची आणि जागेची.

भेस्तान, उधना, पांडेसरा ह्या भागांतील पुष्कळ मराठी कुटुंबे खानदेशातून आलेली. घरचा कर्ता मागावर किंवा रंगाईच्या गिरणीत राबतो, खोली बहुधा भाड्याची, आणि महिन्याचा हिशेब काठाकाठाने जुळवलेला. अशा घरात काय घडते, ते आम्ही एकाहून अधिक वेळा पाहिले आहे. मूल खाऊचे पैसे साठवते, बाप त्यात भर घालतो, आणि एक गोल काचेचे भांडे व दोन सोनेरी मासे घरी येतात. आठवड्याच्या आत मासे पालथे होऊन तरंगू लागतात. मूल रडते, दुकानदार आणखी दोन मासे आणि एक औषधाची बाटली देतो, तेही जातात. पुढे कोणी मोठी पेटी घेण्याचे सुचवले, तर आई म्हणते, “पहिलेच पैसे पाण्यात गेले.” आणि ती शब्दशः खरे बोलत असते.

ह्यात दोष कोणाचा? माशांचा नव्हे, पोराचाही नव्हे. दोष भांड्याचा. माशांच्या विष्ठेपासून व उरलेल्या अन्नापासून पाण्यात अमोनिया तयार होतो, आणि तो विषारी आहे. काही सूक्ष्म जीवाणू त्याचे प्रथम नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्राइटही घातक, नायट्रेट मात्र बरेच सौम्य, दर आठवड्यास थोडे पाणी बदलले म्हणजे ते हाताबाहेर जात नाही. हे जीवाणू नव्या पेटीत नसतात. त्यांची वस्ती बसावयास चार ते सहा आठवडे लागतात. गोल भांड्यात पाणी थोडे, जीवाणूंना राहावयास जागा नाही, आणि हवेचा पृष्ठभागही अपुरा. लहान भांडे नवख्यास सोपे, ही समजूत म्हणूनच अगदी उलटी आहे. पाणी जितके अधिक, तितकी चूक पचवण्याची त्याची शक्ती अधिक.

मग एकदम मोठी पेटी घ्यावी काय? ज्याची ऐपत असेल त्याने खुशाल घ्यावी. परंतु अंथरूण पाहून पाय पसरणाऱ्यांनी आजचे अंथरूण पाहावे आणि उद्याचेही मनात धरावे. आमचे मत असे की, प्रारंभ दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशा पेटीने करावा, आणि दोन-तीन वर्षांनी तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद व तितक्याच उंच पेटीचा विचार आतापासूनच ठेवावा. वर दोन इंच मोकळे सोडले तर पहिलीत सुमारे ४७ लिटर पाणी मावते, दुसरीत सुमारे ११५. लांबी एकच फूट वाढली, पाणी मात्र जवळजवळ अडीचपट झाले! हा हिशेब कागदावर मांडून मुलाकडूनच करवून घ्यावा. शाळेतले घनफळ त्याला एरवी इतके गोड लागणार नाही.

आता, कोणत्या वस्तूवर आज हात सैल सोडावा आणि कोणत्या वस्तूस थांबवावे, हा खरा प्रश्न. काचेची पेटी ही पुढे बदलावयाचीच वस्तू आहे, म्हणून तिच्या नक्षीवर आणि छापील झाकणावर पैसा घालू नये. सांधे चांगल्या सिलिकॉनने भरलेले असले, की काम झाले. लोखंडी घडवंची मात्र पहिल्या दिवसापासून तीन फुटी पेटीच्याच मापाची करवून घ्यावी. वेल्डिंगवाल्याकडे एकदाच जावे लागते, आणि दुसऱ्यांदा गेल्यास पहिली घडवंची भंगाराच्या भावाने जाते. तिच्यावर जाड प्लायवूडची सपाट फळी आणि फळीवर थर्मोकोलचा पातळ पत्रा घातला, म्हणजे आजची दोन फुटी पेटीही तिच्यावर निर्धास्त बसते. उरलेल्या फूटभर जागेत माशांचे खाणे आणि जाळी राहते.

वजनाचा विचार येथेच करून टाकावा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. काच आणि खडी धरून लहान पेटी साठ-पासष्ट किलोंची, तर मोठी दीडशे किलोंच्या पुढे जाते. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी ती भिंतीलगत ठेवावी, गॅलरीत कदापि नव्हे, आणि भाड्याचे घर असल्यास घरमालकास आधी विचारावे. घर बदलण्याची वेळ जवळ आली असेल, तर मोठी पेटी तोवर लांबणीवर टाकणे शहाणपणाचे.

गाळणीच्या बाबतीत दुकानात गेल्यावर डोळे दिपतात. महागडी, नळ्यांची, पेटीच्या खाली ठेवावयाची गाळणी दाखवून, “पुढे मोठी पेटी घेणार ना, मग आताच घ्या,” असे सांगितले जाते. आम्ही म्हणू, थांबा. साध्या स्पंजाच्या गाळणीसारखी गरिबाची सोबतीण दुसरी नाही. हवेच्या पंपाचे बुडबुडे नळीतून वर चढताना पाणी आपल्याबरोबर ओढतात. ते पाणी स्पंजातून येते, घाण अडकते, आणि वर सांगितलेले जीवाणू त्याच स्पंजात घर करतात. आज एक स्पंज पुरे. मोठ्या पेटीत त्याच्या जोडीला दुसरा ठेवावा. म्हणून हवेचा पंप आजच दोन तोंडांचा घ्यावा आणि दुसरे तोंड तूर्त झडपेने आवळून ठेवावे. पंप पाण्याच्या पातळीहून खाली ठेवला असेल, तर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटे फिरून पंपात शिरू शकते. काही रुपयांची एकमार्गी झडप ते टाळते. ती विसरू नये.

पाणी तापवण्याच्या कांडीची सुरतेत फारशी घाई नाही. येथे माशांना थंडीपेक्षा एप्रिल-मेचा उकाडाच अधिक जाचतो, आणि त्यावर झाकण किंचित उघडे ठेवून पंख्याचा वारा देणे हा स्वस्त उपाय. तरीही पुढे घ्यावयाचीच झाली, तर एक शंभर वॅटची घेण्यापेक्षा आज पन्नास वॅटची एक आणि मोठ्या पेटीच्या वेळी तशीच दुसरी घ्यावी. एक बिघडून चालूच राहिली, तरी ११५ लिटर पाणी ती एकटी सहज उकाडणार नाही.

नळाच्या पाण्यातील क्लोरीन काढणारे थेंब मात्र पहिल्याच दिवशी हवेत. स्पंज कधीही नळाखाली धुऊ नये. पेटीतून काढलेल्या पाण्यातच हलके पिळावा. एवढे पथ्य पाळले, तर निम्मे आजार दारातच थांबतात.

मासे कोणते? गप्पी, प्लॅटी, मॉली. पहिल्या महिन्यात दोन-तीनच, आणि चिमूटभर खाणे. सोनेरी मासा लहानपणी दोन इंचांचा दिसतो, पण वीतभर वाढतो आणि फार घाण करतो. ‘शार्क’ म्हणून विकले जाणारे पंगासचे पिल्लू तर मीटरभर होऊ शकते. ते तीन फुटी पेटीतही मावणार नाही. असे वाढलेले मासे खाडीत किंवा तळ्यात सोडण्याचा मोह होतो. तसे करू नये. घरोघरी काच साफ करणारा म्हणून आणलेला परदेशी सकर मासा देशाच्या अनेक भागांत नैसर्गिक पाण्यात पसरला आहे आणि तेथील मच्छीमारांची जाळी फाडतो आहे.

दिवाळीस गावी जाताना शेजाऱ्याच्या हाती खाण्याचा डबा देऊ नये. प्रेमापोटी तो मूठभर टाकील. एकेका दिवसाची पुडी बांधून द्यावी. धडधाकट मोठे मासे आठवडाभर उपाशीही राहतात.

मग ज्या दिवशी मोठी पेटी येईल, त्या दिवशी जुना स्पंज, जुनी खडी आणि निम्मे जुने पाणी तिच्यात घालावे, नवा स्पंज जुन्याशेजारी लावावा, आणि मासे त्याच संध्याकाळी सोडावेत. पुन्हा चार-सहा आठवडे वाट पाहावी लागत नाही. रिकामी झालेली दोन फुटी पेटी विकू नये. तिच्यात महिन्याभराने गप्पीची पिल्ले वाढवता येतात, आणि नवा आणलेला मासा तीन आठवडे वेगळा ठेवावयास तिच्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही.