सुटणं आणि मुरणं

वैशाख सरत आला की आमच्याकडे अडकित्ता माळ्यावरून खाली उतरतो. राजापुरी कैऱ्या धुऊन, पुसून, पंख्याखाली खडखडीत कोरड्या करायच्या आणि मग बाठीसकट फोडी पाडायच्या. चार वाट्या फोडींना एक वाटी मीठ, वर चमचाभर हळद. पाण्याचा थेंब नाही. परात झाकून ठेवली की तासाभरात कडेला पिवळट ओल दिसायला लागते आणि सकाळी फोडी आपल्याच पाण्यात बसलेल्या असतात. "सुटला खार," आई म्हणते. तिच्यापुरता विषय संपतो.

माझा तिथून सुरू होतो. मी ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. ऱ्हिओच्या पानाच्या खालच्या बाजूचा जांभळा पापुद्रा सोलून काचपट्टीवर घ्यायचा, हे आमचं ठरलेलं प्रात्यक्षिक. सूक्ष्मदर्शकाखाली जांभळ्या फरशा बसवल्यासारख्या पेशी दिसतात. एका कडेने मिठाच्या पाण्याचा थेंब सोडायचा, दुसऱ्या कडेने टिपकागदाने मूळचं पाणी टिपून घ्यायचं आणि डोळा न हलवता बघत राहायचं. थोड्याच वेळात जांभळा रंग भिंतीपासून सुटू लागतो, आधी कोपऱ्यांत, मग चहूबाजूंनी, आणि मधोमध गोळा होऊन बसतो. भिंत जागच्या जागीच असते. आकसते ती आतली पिशवी.

त्या पिशवीचं आवरण म्हणजे पेशीपटल. मेदाचे दोन थर, जाडी मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही कमी. मिठाचे भारित कण या मेदातून सहजी जात नाहीत. पाणी जातं, त्याच्यासाठी पटलात प्रथिनांच्या खास वाटाही असतात. त्या वाटा, म्हणजे ॲक्वापोरिन, शोधल्याबद्दल पीटर ॲग्रे यांना 2003 साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मीठ बाहेर अडतं, पाणी बाहेर पडतं, म्हणून तर खार सुटतो. मीठ पाणी ओढतं असं आपण म्हणतो खरं, पण ओढणारं तिथे कुणी नसतं. कण नुसते वाट्टेल तिकडे धडपडत असतात. गर्दीतून विरळ जागी जाणारे जास्त, उलटे येणारे कमी, एवढाच हिशेब.

वेळेवर साधं पाणी दिलं तर ऱ्हिओचा रंग पुन्हा फुगून भिंतीला भिडतो. मुलं इथे हमखास ओरडतात. काचपट्टी कडक खाऱ्या पाण्यात विसरली, तर मात्र पटल मरतं, राखण उठते आणि रंग बाहेर पाझरतो. कैरीच्या फोडीला ही परतीची वाट आपण ठेवतच नाही. पटलं मेली की मीठ आत शिरतं, आंबटपणा बाहेर येतो. म्हणून चार दिवसांनी खार आंबट लागतो आणि फोड खारट.

पाठ्यपुस्तकात याला 'विसरण' म्हणतात. दर वर्षी एक तरी मुलगा विचारतो, "मॅडम, म्हणजे विसरून जायचं?" दोष त्याचा नाही. घराघरात 'मुरणं' हा शब्द असताना हा कोरडा शब्द कुणी आणला कोण जाणे. मुरण्यात आंबणं, मऊ पडणंही येतं हे कबूल. तरी पोराच्या डोक्यात तोच शब्द पटकन मुरतो.

एका वर्षी मी हौसेने दांडग्या फोडी केल्या. आठ दिवसांनी एक चिरली, तर कडा पिवळ्या, मऊ आणि मध्ये पांढरी, कच्ची कैरी. आडोल्फ फिक यांनी 1855 साली मांडलेल्या नियमांतून निघणारं गणित असं आहे, की अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट लागतो. पाण्यात साखरेच्या कणाला पेशीएवढं, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढं अंतर कापायला साधारण सेकंदाचा दहावा भाग पुरतो. एक सेंटीमीटरला दिवसाहून जास्त. पेशी इतक्या बारीक का, याचं एक कारण हेच. आईला फिक ठाऊक नाही. तिने माझ्या फोडींकडे बघून फक्त "श्रावणापर्यंत थांब आता" म्हटलं, आणि बरणीला दादरा बांधला.

तेव्हा घाई असेल तर फोडी अर्ध्या इंचाहून मोठ्या करू नका, आणि बरणीत चमचा कोरडाच घाला.