जुलाब थांबवणारी गोळी: समज आणि वस्तुस्थिती

पोट बिघडले की मेडिकलमधून गोळी आणायची आणि कामाला लागायचे, ही आपली जुनी सवय. या गोळीत बहुधा लोपेरामाइड असते. बेताने घेतल्यास मोठ्या माणसांना ते सहसा सोसते. त्याबद्दलचे काही समज मात्र महागात पडू शकतात.

गैरसमज: जुलाब थांबले म्हणजे आजार बरा झाला.
वस्तुस्थिती: लोपेरामाइड जंतू मारत नाही. ते आतड्यांची हालचाल मंदावते. पाणी शोषले जायला वेळ मिळतो आणि शौचाच्या खेपा कमी होतात. पण शौचातून रक्त पडत असेल किंवा सोबत सणकून ताप असेल, तर हा मंदपणाच घातक ठरतो. जंतू आणि त्यांचे विष आतच राहते, क्वचित मोठे आतडे धोकादायक फुगते. अशा वेळी गोळी न घेता डॉक्टरांकडे जावे.

गैरसमज: फार तर बद्धकोष्ठता होईल.
वस्तुस्थिती: ती नेहमीची तक्रार खरी; पण पोटात कळा, मळमळ, डोकेदुखी, चक्कर हेही होते. चक्कर किंवा गुंगी वाटत असेल तर गाडी चालवू नये. पोट फुगून घट्ट झाले तर गोळी लगेच बंद करावी.

गैरसमज: गुण येत नसेल तर आणखी दोन घ्याव्यात.
वस्तुस्थिती: मोठ्यांनी स्वतःहून दिवसाला ८ मिलिग्रॅमपेक्षा, म्हणजे २ मिलिग्रॅमच्या चार गोळ्यांपेक्षा जास्त घेऊ नये. दोन दिवसांत उतार पडला नाही तर तपासून घ्यावे. अतिमात्रेने हृदयाचे ठोके अनियमित होऊन मृत्यूही ओढवू शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये तसा इशारा दिला. क्लॅरिथ्रोमायसिन, इट्राकोनॅझोल यांसारख्या औषधांमुळे रक्तातील लोपेरामाइड वाढते. म्हणून चालू औषधे डॉक्टरांना आधी सांगावीत.

गैरसमज: लहान मुलांना अर्धी गोळी चालते.
वस्तुस्थिती: दोन वर्षांखालील मुलांना ती देऊच नये, त्याहून मोठ्या मुलांनाही डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय नाही. पाकिस्तानात लोपेरामाइडचे थेंब दिलेल्या काही बाळांची आतडी निकामी होऊन ती दगावली. १९९० मध्ये ते थेंब बाजारातून मागे घेण्यात आले. मुलांच्या जुलाबावर ओआरएस आणि झिंक हाच भरवशाचा उपचार. सहा महिन्यांपुढील बाळाला रोज २० मिलिग्रॅम झिंक १० ते १४ दिवस देतात. अंगावरचे दूध मुळीच तोडू नये.

गैरसमज: गोळी घेतली की ओआरएस लागत नाही.
वस्तुस्थिती: जुलाबात जीव जातो तो बहुतेकदा शरीरातले पाणी आणि क्षार संपल्याने, आणि गोळी ते भरून देत नाही. ओआरएसचे लिटरचे पाकीट पूर्ण एक लिटर स्वच्छ पाण्यात मिसळावे आणि २४ तासांत संपवावे.

लघवी कमी झाली, डोळे खोल गेले किंवा मूल मलूल पडले, तर घरगुती उपचारांत वेळ घालवू नका; थेट दवाखाना गाठा.