ठाणे खाडी : फ्लेमिंगोंचं अभयारण्य

राज्य शासनाने ऑगस्ट २०१५मध्ये ठाणे खाडीचा सुमारे १,६९० हेक्टरचा पट्टा फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित केला. २०२२मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रात तिवरांमधून फळ्यांची पायवाट आहे. तिथे जरा वाकून बघावं. चिखलातून बोटभर उंचीची मुळं सरळ वर आलेली दिसतात. चिखलात हवा जवळपास नसते, म्हणून झाड असा श्वास घेतं. पक्ष्यांइतकीच ही मुळंही पाहण्याजोगी! फ्लेमिंगो साधारण नोव्हेंबर ते मे दिसतात; ते पाहायला नेणाऱ्या बोटीची वेळ मात्र भरती-ओहोटी ठरवते, त्यामुळे आधी चौकशी करावीच. हिंगोली जिल्ह्यातल्या डोंगरकडा गावाहून निघणाऱ्यांनी नांदेडला तपोवन एक्स्प्रेस पकडून ठाण्याला उतरावं. तिथून लोकलने ऐरोली जवळच. लेकरांना जरूर न्या.