पाण्याआधी आडनाव

पॅसिफिक महासागरातील फिजी बेटांवर शिडाच्या होडीतून उतरणाऱ्या परक्या माणसाला एक रीत पाळावी लागते. तो यांगोना नावाच्या झाडाच्या मुळ्यांची जुडी गावप्रमुखापुढे ठेवतो. तिकडे याला 'सेवुसेवु' म्हणतात. भेट स्वीकारली की तो गावचा पाहुणा. मग त्या मुळ्यांचे पेय लाकडी कटोऱ्यात कालवतात. पहिला मान प्रमुखाचा, हे खरे. पण नारळाची तीच करवंटी पुढे पाहुण्याच्याही ओठी लागते.

हे वाचले आणि आम्हाला मानोरा तालुक्यातील एक दुपार आठवली. पोहरादेवीहून मानोऱ्याला येताना भर उन्हात आमची मोटारसायकल बंद पडली. ढकलत ढकलत एका गावात आलो. ओसरीवरच्या गृहस्थांनी 'या, बसा' म्हटले. आम्ही पाणी मागितले.

"कोणतं गाव?"

सांगितले.

"आडनाव काय?"

तेही सांगितले. गृहस्थ तांब्या घेऊन आले. पण तो हाती दिला नाही. "ओंजळ धरा," म्हणाले. आम्ही तहानलेलेच उठलो.

पुढे बंजाऱ्यांचा तांडा लागला. एका म्हाताऱ्या याडीने लोटा आमच्या हातात दिला. मागून भाकर, ठेचा, कांदा आला. नाव विचारले ते निघताना! तांड्यात भेदभाव नसतोच, असा आमचा दावा नाही. त्या याडीने तो केला नाही, एवढेच आम्ही जाणतो.

१९२९ साली चाळीसगावला बाबासाहेब उतरले. पाहुण्याने पायी यावे हे महारवाड्याला आपल्या प्रतिष्ठेला शोभणारे वाटेना. टांगेवाले अस्पृश्याचा टांगा हाकायला तयार नव्हते. टांगा भाड्याने मिळाला, हाकणारा मिळाला नाही. मग वस्तीतल्याच एका नवख्या माणसाने लगाम धरला. टांगा उलटला, बाबासाहेबांचा पाय मोडला. गरिबांनी जीव ओतून केलेल्या पाहुणचारालाही जातीने असा अपघात घडवला.

'अतिथी देवो भव' म्हणणाऱ्या समाजाला म्हणूनच आमचा साधा सवाल आहे: तुमचा अतिथी देव केव्हा होतो? दारात आल्यावर, की आडनाव कळल्यावर? १९२७ साली महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते माणूस म्हणून हक्काने. ओसरीवरून ओतलेल्या पाण्यासाठी ती ओंजळ पुन्हा पुढे येणार नाही.