नव्या यंत्रावर जुनी बांधणी
समजा, औंधच्या एखाद्या संस्थेत फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या जुन्या आवृत्तीवर सर्व्हर चालू आहे. त्याला सुरक्षेची दुरुस्ती हवी, पण बांधणीच्या यंत्रावर आहे नवी आवृत्ती. जुना सोर्स कोड तिथे बांधता येईल?

घोडं अडतं ते बहुधा कंपायलरपाशी. माणसाने लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा हा प्रोग्रॅम वर्षागणिक कडक होत जातो. एकाच नावाचा ग्लोबल व्हेरिएबल दोन फायलींत असला तरी पूर्वी कंपायलर चालवून घ्यायचा. 2020 मध्ये जीसीसी 10 आणि क्लँग 11 या कंपायलरांनी ती सवलत आपोआप देणं बंद केलं. वर्षानुवर्षं बिनतक्रार बांधला जाणारा कोड मग अचानक नापास होतो. याचा दोष जुन्या प्रोग्रॅमरांच्या माथी मारणं अन्यायाचं आहे.

फ्रीबीएसडीकडे यावर सुरेख तोड आहे: जेल, म्हणजे यंत्राच्या आतच बंदिस्त केलेली वेगळी जागा. 2000 सालच्या 4.0 आवृत्तीपासून ही सोय आहे. जेलमध्ये जुन्या आवृत्तीच्या फायली आणि तिचाच कंपायलर ठेवायचा. खाली कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, मात्र नवा. नवा कर्नल जुन्या प्रोग्रॅमची भाषा ओळखतो. उलट्या बाजूने, नव्या प्रोग्रॅमखाली जुना कर्नल असेल, तर काहीच भरवसा नाही. म्हणून बांधणीच्या यंत्रावर सर्वांत नवी आवृत्ती ठेवणंच शहाणपणाचं.

एक बारकावा मात्र सांभाळावा लागतो. जेल तयार करताना ‘ओएसरिलीज’ या सेटिंगमध्ये जुन्या आवृत्तीचं नाव द्यायचं. नाहीतर आतून आवृत्ती सांगणारी ‘युनेम’ ही कमांड चालवली, की उत्तर नव्या कर्नलचंच येतं आणि त्यावर विसंबलेल्या स्क्रिप्ट फसतात.